स्पेनच्या ग्रीनवेचं कौतुक पुरे, बोरघाटाला सोडा

घाटवेडा
कालची पोस्ट वाचून झोप लागली नाही म्हणून लिहितोय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: एक सद्गृहस्थ स्पेनला जाऊन आले, अंदालुसियातला पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा हा ३६ किमीचा ग्रीनवे, म्हणजे रेल्वेसाठी बांधलेल्या मार्गावर केलेली चालायची-सायकलची वाट, 'व्हिया व्हेर्दे दे ला सिएरा' सायकलने केला आणि आल्या आल्या आपल्याला शिकवायला बसले की बंद पडलेल्या घाटातल्या रेल्वेचं सोनं कसं करतात ते बघा, नाहीतर आपला बोरघाटातला जुना रिव्हर्सिंगचा मार्ग (जिथे घाट चढताना गाडीची दिशा उलटी करावी लागे), नुसता सडतोय.

अहो, स्पेनचा तो मार्ग बंद पडलेला नाहीच, तो कधी सुरूच झाला नाही! १९२० च्या दशकात काम काढलं, ३० बोगदे खणले, ४ मोठे पूल बांधले, स्टेशनं उभी केली आणि गाडी धावायच्या आत सगळं बारगळलं. म्हणजे आयता मोकळा रस्ता. आपल्याकडे शेजारून दिवसरात्र गाड्या चालतात. आणि लांबी बघा, छत्तीस किलोमीटर कुठे आणि १९२९ साली सोडून दिलेला खंडाळ्याचा तो तुकडा कुठे.

सायकलवाला_पुणे
सद्गृहस्थ हजर आहेत. गाडी धावली नाही हे मला माहीत होतं, पोस्टमध्ये लिहायचं राहिलं, फाशी द्या. पण मुद्दा काय होता? लांब बोगद्यात शिरलो की दिवे आपोआप लागतात, सायकल पुढे गेली की मागचे विझतात. जुन्या स्टेशनात राहायची सोय, जेवण. मध्ये साफ्रामागोनचा सुळका, त्यावर गिधाडं, आणि खालच्या जुन्या स्टेशनात बसून त्यांची घरटी कॅमेऱ्यातून बघता येतात. कोरिपेजवळ एक म्हातारा ओक आहे, त्याच्या सावलीत अख्खं गाव मावेल. वाटेत एक कागदाचा कपटा दिसला नाही. एवढंच म्हणतोय की असं करता येतं.

बँकर_इंजिन
करता येतं हो, पण कोण करणार आणि जुलैत काय करणार? माझे वडील घाटात हिल गँगला होते. पावसाळ्याआधी कड्याला दोर लावून उतरायचे आणि पहारीने सुटे धोंडे पाडायचे, कारण तुम्ही डब्यात वडा खाताना तो धोंडा तुमच्या डोक्यावर नको. घरी आले की हाताला दोराचे वळ, आई खोबरेल लावायची. आणि हे चालू मार्गासाठी, जिथे पैसा आहे, माणसं आहेत. तरी घाटातल्या मंकी हिलला दरड येतेच. सोडून दिलेल्या बोगद्याच्या तोंडाशी कोण लटकणार, तुमची सायकल संघटना?

इतिहासाचा_किडा
सगळे तो घाटातला रेल्वेमार्ग कोणी बांधला हे विसरलेत आणि कायम विसरतात. सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये कंत्राट घेऊन आला, काही आठवड्यांत वारला, त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ते काम पुढे नेऊन १८६३ मध्ये घाट पुरा केला. एका बाईने! त्या मार्गाला ग्रीनवे करायचाच असेल तर आधी तिच्या नावाची एक पाटी लावा.

शिंग्रोबाचा_भाचा
आणि बाकीच्यांचं काय? १८६१ ला ४२,००० मजूर कामावर होते, पटकीने किती मेले त्याची कुणी पाटी लावली? ज्या शिंग्रोबा धनगराने इंग्रज साहेबाला घाटाची वाट दाखवली अशी आख्यायिका आहे त्याच्या देवळासमोर ट्रकवाले निदान नाणं तरी टाकतात, तुमच्या मॅडमला इंटरनेटवर कौतुक पुरतं.

इतिहासाचा_किडा
वा, म्हणजे एका बाईचं नाव घेतलं की लगेच मजूर आठवतात. मजुरांवर मी कधी काही बोलले का? दोन्ही पाट्या लावा ना.

कर्जतची_काकू
पाट्या लावा की नका लावू, मी मुद्द्याचं विचारते. आमची भज्यांची टपरी आहे, घाटाखाली, पंचवीस वर्षं. शनिवार-रविवार तुमच्यासारखेच येतात, शांतता शोधत, हातात ब्लूटूथ स्पीकर. प्लास्टिकच्या डिशेस आम्ही गोळा करतो, तरी "टपरीवाल्यांनी घाण केली" हेच ऐकायचं. म्हणून ग्रीनवे झाला की आधी आम्हाला हाकलणार आणि तिथे कोणीतरी कॅफे काढणार, कॉफी साडेतीनशेला. लिहून ठेवा.

घाटवेडा
काकू, शंभर टक्के बरोबर, हेच मी म्हणत होतो.

कर्जतची_काकू
तुम्ही नव्हता म्हणत. तुम्ही म्हणत होता तिथे काहीच करू नका. काहीच केलं नाही तर आमची पोरं कंपनीच्या बसने जातात ते जातातच. मला गर्दी हवीय, फक्त स्पीकरवाली नको.

सायकलवाला_पुणे
म्हणजे काकू माझ्या बाजूने?

कर्जतची_काकू
तुम्ही मागे एकदा आमच्या टपरीवर दोन प्लेट भजी घेऊन वर "पाणी विकतचं का" विचारलं होतं का, पिवळं हेल्मेट? असाल तर मी कोणाच्याच बाजूने नाही.

सायकलवाला_पुणे
माझं हेल्मेट निळं आहे. आणि पाणी फुकट द्यायला हवं हे माझं मत आहे, पण तो वेगळा वाद.

बँकर_इंजिन
वेगळा कसला, हाच वाद. स्पेनच्या त्या वाटेवर पाणी, सफाई, दिवे यांचा खर्च कोण करतं ते आधी सांगा. आपल्याकडे उद्घाटनाला फीत असते, नंतर झाडूही नसतो. दूधसागरला २०२३ च्या जुलैत रुळांवर चालत गेलेल्यांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, हसले, आणि पुढच्या रविवारी परत गेलेच असतील. माणसं रुळांवरच चालतात कारण चालायला दुसरी नीट जागाच नाही.

सायकलवाला_पुणे
थांबा, म्हणजे जागा दिली तर रुळांवर जाणार नाहीत. हे तर माझंच म्हणणं झालं.

बँकर_इंजिन
झालं तसं. पण वडिलांना विचारून लिहितो म्हणालो असतो तर त्यांनी शिव्याच दिल्या असत्या. ते म्हणायचे, घाटात माणूस शिरला की आधी दोर कुठे बांधायचा ते बघतो, मग फोटो. तुमच्या पोस्टमध्ये सत्तावीस फोटो आहेत आणि दोर एकही नाही.

घाटवेडा
एक मान्य करतो, नाइलाजाने. घाटातला १८३० चा अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलमध्ये उडवला तेव्हा मीच रडारड केली होती की जपलं नाही, आणि आज मीच म्हणतोय की काही करू नका. बायकोने आत्ताच लक्षात आणून दिलं. तिचंही ऐकायचं असतं कधीकधी. पण छत्तीस किलोमीटर नाहीत हे मी मागे घेणार नाही.

शिंग्रोबाचा_भाचा
छत्तीस कोणीच मागितले नव्हते.

कर्जतची_काकू
रविवारी भजी आहेत. कांद्याची. पाणी विकतचंच.