मीटिंग गावातली की परगावची?

कृष्णाकाठ:
दारू सोडू बघणाऱ्यानं ए.ए.ची, म्हणजे एकमेकांना दारू सोडायला मदत करणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेची, कुठली मीटिंग धरावी यावरून परवा मित्राशी वाजलं. तो म्हणतो, गावात सगळे ओळखतात, मी कोल्हापूरला जाईन. माझं म्हणणं, सगळ्यात जवळची धरा. चालत जाता येईल ती.

मीही आधी कोल्हापूरलाच जायचो. एसटीनं सव्वा तास. महिनाभर जमलं, मग पाऊस, मग ओव्हरटाइम. तीन गुरुवार बुडाले आणि चौथ्या गुरुवारी मी स्टँडसमोरच्या परमिट रूममध्ये बसलो होतो. तलफ येते संध्याकाळी सातला. त्या वेळी सव्वा तासाचा प्रवास होत नाही, आणि बार कोपऱ्यावर असतो.

शेवटी गावातल्या मीटिंगला गेलो. शाळेचा वर्ग, तिसरीच्या पोरांचे बाक, गुडघे मावत नाहीत. फळ्यावर हातच्याची वजाबाकी तशीच. दारात दहा मिनिटं हेल्मेट न काढता उभा होतो. आत बघतो तर आईच्या बीपीच्या गोळ्या ज्याच्याकडून आणतो तो मेडिकलवाला! नऊ वर्षं सोबर. काही विचारलं नाही त्यानं. सरकून जागा केली आणि चहाचा ग्लास पुढे केला.

1935 साली न्यू यॉर्कचा बिल, नुकतीच दारू सोडलेला, कामासाठी अमेरिकेतल्याच ॲक्रन गावाला गेला होता. हॉटेलात बारचा आवाज ऐकून जीव कासावीस झाला, तेव्हा त्यानं घरची गाडी धरली नाही. चर्चवाल्यांना फोन लावत त्याच गावातला दुसरा दारुडा शोधला, डॉ. बॉब. ए.ए. सुरू झाली ती अशी.

तिठ्यावरचा:
बिलला ॲक्रनमध्ये कुणी ओळखत नव्हतं, हे सोयीस्कर विसरलात. तो तिथं परकाच होता!

मी गावातल्याच मीटिंगला जायचो. वर्गात कुणी तोंड उघडलं नाही, ते मान्य. पण शाळेबाहेर लावलेली माझी गाडी गल्लीनं बघितली. बहिणीच्या स्थळाकडून निरोप आला, "मुलीचा भाऊ तसल्या ठिकाणी जातो म्हणे." पीत होतो तेव्हा हीच माणसं "पोरगा दिलदार आहे" म्हणायची. आता दर रविवारी सांगलीला जातो, दोन वर्षं झाली. निनावी राहणं हा त्या संघटनेचा पायाच आहे, मग गावात कसं जमायचं ते सांगा.

मास्तरीण:
तिठ्यावरच्यांशी सहमत, आणि एक पाऊल पुढे जाऊन सांगते. पुरुष प्यायला तर गाव हसून सोडतं. मी शिक्षिका आहे आणि मी पीत होते. ज्या वर्गात दिवसा शिकवायचं, तिथंच संध्याकाळी "मी अल्कोहोलिक आहे" म्हणू? एकदा परगावी गेले, तर तिथं अठरा पुरुष आणि मी. चांगले होते सगळे, पण जे सांगायचं होतं ते सांगता आलं नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन मीटिंगा वाढल्या, त्यात बायकांची एक सापडली. दार लावते, कानात इयरफोन घालते. माझ्यासाठी सगळ्यात जवळची मीटिंग हीच.

कृष्णाकाठ:
मास्तरीणबाई, तुमचं पटलं. बायकांचा विचार मी केलाच नव्हता, चुकलं. पण तिठ्यावरचे, रविवार ते रविवार मधले सहा दिवस काय करता?

तिठ्यावरचा:
स्पॉन्सरला, म्हणजे मला सांभाळून घेणाऱ्या ए.ए.तल्या जुन्या माणसाला, फोन. तो रात्री अकराला पण उचलतो.

सिव्हिलची सिस्टर:
जवळ-लांब नंतर ठरवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग मीटिंग. आणि घरच्यांनी चहात चोरून दारू सोडायच्या गोळ्या घालू नयेत, हात जोडते. वरून दारू पोटात गेली की काय होतं ते मी वॉर्डात बघितलंय. कुठं जायचं कळत नसेल तर सरकारची 14446 ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन फुकट आहे. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय, तिथं विचारा. मीटिंगचा पत्ता मिळाला तरी निघण्याआधी फोन करून वेळ विचारा. जागा बदलते, आणि बंद दारावरून परतलेला माणूस पुन्हा येत नाही.

दुसरी बाजू:
मी पिणाऱ्याची बायको. नवरा गावातल्याला जात नाही, परगावच्यालाही नाही. तुम्ही अंतरावरून भांडताय, आमचं दारच ओलांडलं जात नाही. मग मीच अल-अनॉनला जायला लागले, ती घरच्यांची मीटिंग. तिथं कळलं, बाटल्या मोजणं माझं काम नाही. बाटल्या मोजायचं सोडल्यापासून झोप लागते. तो अजून पितो.

तिठ्यावरचा:
वहिनी, ओपन मीटिंगला घरच्यांना येता येतं. त्यांना "मला सोबत हवी" म्हणून बघा. माझी आई मला तशीच घेऊन गेली होती. अर्थात परगावच्या मीटिंगला.

कृष्णाकाठ:
आमच्याकडे महिन्याचा शेवटचा गुरुवार ओपन असतो, संध्याकाळी साडेसातला. वहिनी, जवळपास असाल तर या. गाडी लांब लावली तरी चालेल.