मदत हवी आहे: नागपुरात फिक्स्ड गिअरची सायकल कोणाकडे आहे का?

नमस्कार मंडळी. माझी पुतणी १५ वर्षांची आहे. ट्रॅक सायकलिंगच्या शर्यती पाहून तिला त्यातल्या ऑम्नियम या प्रकाराचं वेड लागलंय. एकाच दिवसात चार शर्यती! पहिल्या तिन्हींत विजेत्याला ४०-४० गुण, आणि शेवटच्या पॉइंट्स रेसमध्ये एक लॅप पुढे काढली की थेट २० गुण. ती वहीत लाल पेनाने बेरीज करत बसते, शेवटच्या स्प्रिंटला तर पेन तोंडातच असतं.

रोज पहाटे ती फुटाळ्याच्या रस्त्यावर साध्या रोड सायकलवर सराव करते. पण ट्रॅक सायकलला ब्रेक नसतो, गिअर एकच, आणि चाक फिरतंय तोवर पेडल थांबवता येत नाही. ती सवय रस्त्यावर कशी लावायची? मला तर भीतीच वाटते.

कोणाकडे तिच्या मापाची (उंची ५ फूट २ इंच) फिक्स्ड गिअरची सायकल असेल, तर मोकळ्या मैदानावर तासभर चालवू द्याल का? आणि पुण्याला बालेवाडीच्या वेलोड्रोमवर (सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर) मुलांना सरावाला नेलेलं कोणी असेल, तर परवानगी कशी काढली, मुक्काम कुठे केला, तेवढं सांगा. दिवाळीच्या सुट्टीत तिला न्यायचंच आहे.