अलमट्टी, अहवाल आणि आमचा जिना

कृष्णाकाठचा: अलमट्टी म्हणजे सांगलीच्या खालच्या अंगाला, कर्नाटकात कृष्णेवर असलेलं धरण. त्याचं पाणी मागं फुगतं म्हणून सांगलीत पूर येतो, असं आम्ही म्हणतो. काल इथं एका साहेबांनी लिहिलं, "अलमट्टीमुळं सांगलीत पूर येत नाही, पुराचा अभ्यास करणाऱ्या सरकारी वडनेरे समितीनं 2020 लाच सांगितलंय. जलशास्त्रातला ज कळत नाही त्यांनी गप्प बसावं. पाण्याची गणितं मतदानानं सुटत नसतात." रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितोय.

2019 ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. आमच्या जिन्याच्या भिंतीवर आई कोळशानं दर तासाला रेघ मारत होती. पाऊस उघडला, ऊन पडलं, रेघ खाली सरकेना. का, एवढं विचारायलाही पदवी लागते? आणि समितीचं खरं असेल तर आता तेच महाराष्ट्र शासन अलमट्टीची उंची समुद्रसपाटीपासून 524 मीटर करायला विरोध का करतंय?

निवृत्त पाटबंधारे: कारण आत्ताची 519.6 मीटर उंची आणि 524 हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवू नका. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा. दोन्ही तुडुंब असल्या की कृष्णेचं पाणी जाणार कुठं? तुमच्या आईंची रेघ त्यामुळंही थांबू शकते. नदी काय धरणाकडं बघून चालत नाही.

तासगावचा द्राक्षवाला: तज्ज्ञांचं आम्हाला सांगू नका. अडीच एकर बाग. फुलोऱ्यात ढगाळ वातावरण, द्राक्षाच्या सल्लागाराला फोटो पाठवला, म्हणला आजच औषध मारा. मारलं. घडकूज झाली ती झालीच. फी एकरी आधीच घेतलेली. पुढच्या वर्षी तोच गावात मेळावा घेऊन भाषण ठोकतोय!

मिरजेची वहिनी: भाऊ, विषय पुराचा आहे.

तासगावचा द्राक्षवाला: विषय विश्वासाचा आहे, वहिनी. चुकला तर त्याचं काय जातं, एवढंच विचारतोय.

निवृत्त पाटबंधारे: सल्लागार आणि समिती एका पारड्यात? तुमचा माणूस औषध दुकानाचं कमिशन खातो. इथं बरेच लोक कित्येक महिने आकडे तपासतात.

तासगावचा द्राक्षवाला: दुकानाचं नाव काढलंत ना? उधारीची वही बघायची का माझी? नोकरीत असताना एकदा तरी शेतात उतरलात का तुम्ही?

निवृत्त पाटबंधारे: उतरलोय. 2005 च्या पुरात गुडघाभर पाण्यात मोजपट्टी धरलीय. तेव्हाही लोक म्हणत होते, साहेब खोटं बोलतोय.

मिरजेची वहिनी: मग सांगा, पूररेषा आखणारे तुम्हीच ना? आमच्या भावाचा प्लॉट निळ्या रेषेत, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या पट्ट्यात. घेताना कुणी सांगितलं नाही, घर झाल्यावर तलाठी म्हणतो, हे तर नदीचं पात्र. तुमची रेषा कागदावर, पाणी स्वयंपाकघरात.

निवृत्त पाटबंधारे: नकाशे लोकांना दिसतील असे लावले नाहीत, ते मान्य. परवानगी मात्र आम्ही देत नव्हतो.

कृष्णाकाठचा: वा! एक गोष्ट मान्य झाली, आरती ओवाळतो. हरिपूरचं पटलं असं धरून चालू. पण काका, हे असं काल लिहिलं असतं तर मी रात्रभर जागलो नसतो. "गप्प बसा" कशाला?

निवृत्त पाटबंधारे: ती पोस्ट माझी नव्हती.

कृष्णाकाठचा: तुम्ही लाइक केलंय.

तासगावचा द्राक्षवाला: आणि दुकानाच्या कमिशनचं राहिलंच की!