मदत हवी आहे: पंपाच्या पुस्तिकेतला ‘रन’ मराठीत कसा चालवू?

शब्दखुळी

नमस्कार मंडळी,

इथे भाषांतर करणारेही आहेत आणि शेती करणारेही. मला दोघांची गरज आहे.

बोअरमध्ये बसवायच्या सबमर्सिबल पंपाची चोवीस पानी माहितीपुस्तिका मराठीत करायला घेतली आहे. काम एका एजन्सीमार्फत आलं. त्यात ‘रन’ हे क्रियापद, सगळी रूपं धरून, ४७ वेळा येतं. एजन्सीने सोबत शब्दसूची दिली आहे आणि तिच्यात ‘रन’समोर ‘धावणे’ असं कुलूप लावून ठेवलंय. दुसरा शब्द टाकला की सॉफ्टवेअर त्या ओळीवर लाल खूण करतं. फोन केला तर समन्वयक म्हणाला, “मॅडम, मग सगळीकडे ‘चालवणे’ घ्या, पण एकच काहीतरी घ्या.”

अडलेली वाक्यं देते:

डू नॉट रन द पंप ड्राय.
इफ द वेल रन्स ड्राय, स्विच ऑफ द पंप.
रन द केबल अलाँग द पाईप.
लेट द वॉटर रन अंटिल इट इज क्लिअर.
द मोटर रन्स बट देअर इज नो वॉटर.
द मोटर रन्स इन द राँग डायरेक्शन.
द मोटर रन्स हॉट.
द वॉरंटी रन्स फ्रॉम द डेट ऑफ पर्चेस.

शिवाय ‘रन कपॅसिटर’ आहे आणि पॅनेलवर ‘रन’ असं लिहिलेला दिवा.

पहिली दोन वाक्यं बघा. ‘रन ड्राय’ दोन्हीकडे तेच, पण एकात माणसाला दम दिलाय आणि दुसऱ्यात विहिरीचं काय झालं ते सांगितलंय. ‘चालवणे’ सगळीकडे घेतलं तर विहीर कोरडी चालेल. शब्दसूचीप्रमाणे ‘मोटर धावते पण पाणी येत नाही’ हे वाक्य बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “धावली तर धरून आणायला माणूस पाठवा.”

शेतात खरंच बोलतात ते शब्द हवे आहेत. आणि एजन्सीला पटेल असं काय सांगू, तेही सुचवा. शुक्रवारी फाईल द्यायची आहे.

बोअरवाला

ताई, बावीस वर्षं मोटरी सोडतोय आणि काढतोय. पुस्तकात पंप लिहा, पण शेतकरी सगळ्याला मोटरच म्हणतो हे ध्यानात ठेवा.

‘मोटर कोरडी चालवू नका’ बरोबर आहे, असंच बोलतात. कोरडी चालली, कोरडी फिरली, दोन्ही चालतं. पण नुसतं तेवढं लिहून भागत नाही. आतल्या बुशांत, म्हणजे कड्यांत, दांडा पाण्यावरच फिरतो आणि मोटर थंड राहते तीसुद्धा भोवतीच्या पाण्यानं. पाणी नसलं की बुश झिजतात, मग आतल्या तारांचं वायंडिंग जळतं. आमच्याकडं जळून येणाऱ्या मोटरींत अशा पुष्कळ असतात. शेतीची लाईट बऱ्याचदा येते रात्री. ऑटो स्विच लावलेला असतो, लाईट आली की मोटर आपोआप चालू होते आणि मालक घरी झोपलेला. बोअरचं पाणी तुटलं तरी ती फिरतच राहते. म्हणून तिथं ‘पाणी तुटल्यावर मोटर ताबडतोब बंद करा’ असं सरळ लिहा.

विहिरीचं ‘रन ड्राय’ म्हणजे पाणी तुटलं किंवा विहीर आटली. दोन्हीत फरक आहे. उपशामुळं पाणी मोटरीच्या खाली गेलं तर पाणी तुटलं, तास-दोन तासांनी परत येतं. आटली म्हणजे उन्हाळ्यापुरती तरी संपली. तुमच्या वाक्यात मोटर बंद करायला सांगितलंय, म्हणजे ‘पाणी तुटलं तर’.

केबल सोडतात. पाईपाला धरून, दर दोन-तीन मीटरवर बांधत खाली सोडायची, ताण येऊ द्यायचा नाही. आणि हे ठळक छापा: मोटर केबलला धरून उचलू नये. लोक उचलतात!

शब्दखुळी

दादा, ‘पाणी तुटलं’ हे मला पुस्तकांत बसून जन्मात सापडलं नसतं. खूप आभार. उलट्या दिशेचं आणि कपॅसिटरचंही सांगाल का?

बोअरवाला

‘मोटर उलटी फिरते.’ थ्री फेजवर होतं हे. डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं, काम झालं की कधी फेज उलटसुलट लागतात. मोटर फिरते, आवाज येतो, पण पाणी कमी पडतं नाहीतर वर चढतच नाही. तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की सुलटी फिरते. अर्थात आधी लाईट बंद करून.

कपॅसिटर सिंगल फेजला. स्टार्टवाला फक्त मोटर सुरू होण्यापुरता, मोटरीनं वेग घेतला की बाजूला होतो. रनवाला मोटर चालू आहे तोवर लाईनीत असतो. दुकानात ‘रन कपॅसिटर’ म्हणूनच मागतात. त्याला मराठी नाव दिलंत तर शेतकरी दुकानातनं मोकळ्या हातानं परत येईल.

‘रन्स हॉट’ला ‘मोटर तापते’. बास.

नदीकाठ

शब्दखुळी, तुम्ही ज्या शब्दाला धडकला आहात तो इंग्रजीतला सगळ्यात मोठा दगड आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात पूर्वी ‘सेट’ ह्या क्रियापदाची नोंद सर्वात लांब होती. नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने त्याला मागे टाकलं. २०११ च्या सुमारास आलेल्या बातम्यांनुसार क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ नोंदवले गेले, आणि पीटर गिलिव्हर ह्या कोशकाराचे नऊ महिने त्या एका शब्दात गेले. एजन्सीला हा आकडा कळवा. तुमच्या वाट्याला ६४५ पैकी सात-आठच आलेत, त्या मानाने पंप बरा.

मला खरी गंमत दुसरीकडे वाटते. जुन्या इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ पायांनी पळणे हा होता, तसाच पाण्याने वाहणे हाही होता. जर्मन भाषेत त्याचा भाऊ ‘रिनेन’ अजून आहे, आणि तो वाहतो, पाझरतो. म्हणजे नदी रन होते, नाक रन होतं, स्वस्तातल्या साडीचा रंग रन होतो, ही कुणी नंतर केलेली अलंकारिक करामत नाही. तो अर्थ पहिल्यापासून घरातलाच आहे. संस्कृत ‘धाव्’मध्येही पळणं आणि वाहणं दोन्ही होतं. मराठीत येईपर्यंत आपल्या धावण्यातलं पाणी आटलं, आणि त्या कामाला ‘वाहणे’ उरलं.

यंत्रांचं मात्र उलट आहे. इंग्रजाचं यंत्र, दुकान, घड्याळ, नाटक सगळं पळतं. आपलं चालतं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, नाटक चाललं तर निर्माता वाचतो, फाटकी नोटसुद्धा कुठे चालते कुठे चालत नाही. मराठीत घड्याळ पळायला लागलं तर ते बिघडलेलं असतं. विजेचं मीटर पळतं तेव्हाही कौतुकाने म्हणत नाहीत. यंत्र नीट काम करत असेल तर मराठी माणूस त्याला पळवत नाही. म्हणून तुमच्या बाबांना हसू आलं.

धावबाद

क्रिकेटमध्ये तरी आपण रनला धावच म्हणतो हो. आणि निवडणुकीचं काय? अमेरिकेतला उमेदवार रन होतो, ब्रिटनमधला स्टँड होतो. आपल्याकडे आधी उभा राहतो, मग लढवतो, आणि हरला की पडतो. धावपळ असते ती कार्यकर्त्यांची.

नदीकाठ

आणि ‘पळून जातो’ तो निवडून आल्यावर, दुसऱ्या पक्षात. असो, विषयांतर नको.

जुनी फाईल

मी अठरा वर्षं यंत्रांच्याच पुस्तिका करतेय, म्हणून एजन्सीचा भाग माझ्याकडे घेते. त्यांना भाषाशास्त्र सांगू नका, ६४५ही सांगू नका. ते म्हणतील, छान माहिती, पण एकच घ्या.

शब्दसूची नामांसाठी असते. इम्पेलर, स्टार्टर, कपलिंग, केबल ह्यांना कुलूप हवंच. पान ३ वर एक नाव आणि पान १७ वर दुसरं आलं तर माणूस चुकीचा भाग मागवतो. क्रियापदाला कुलूप लावलं की असाच घोळ होतो. तेव्हा मागणी एवढीच करा, की ‘रन’ची एकेरी नोंद काढा आणि तिच्या जागी अख्खे शब्दसमूह घाला: ‘रन ड्राय, पंप’, ‘रन ड्राय, विहीर’, ‘रन, केबल’. असं केलं की लाल खुणा जातात आणि त्यांनाही आपली शिस्त मोडली असं वाटत नाही. सोबत दोन वाक्यं त्यांच्या नियमाने करून पाठवा. ‘वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून धावते’ हे त्यांच्या कायदेवाल्यांना दाखवा म्हणावं. तुम्ही तिथे ‘वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून लागू’ लिहा.

आणि ‘लेट द वॉटर रन’ला ‘वाहू द्या’ लिहू नका. बोअरवाला दादा सांगतीलच, पण नवीन बोअरचं पाणी आधी गढूळ येतं. तिथे मुद्दा पाणी येण्याचा आहे, वाहण्याचा नाही.

बोअरवाला

बरोबर. ‘स्वच्छ पाणी येईपर्यंत मोटर चालू ठेवा.’ वाळू येतेय तोवर बंद-चालू करत बसायचं नाही, वाळू खाली बसून मोटर जाम होते.

एक शंका

सगळं पटलं, पण ‘कोरडी चालवू नका’ऐवजी ‘पाण्याशिवाय चालवू नका’ जास्त स्पष्ट नाही का? ‘कोरडी’ वाचून कुणाला वाटेल की मोटर बाहेरून पुसून कोरडी केलेली.

शब्दखुळी

एक शंका, मलाही हे वाटलं होतं. काल आमच्या गल्लीतल्या तिघांना विचारलं. दोघं म्हणाले ‘कोरडी’, आणि तिसरे म्हणाले “ड्राय रन लिहा की सरळ.” धोक्याच्या चौकटीत मी दोन्ही घेतलंय: ‘मोटर कोरडी, म्हणजे पाण्याशिवाय, चालवू नका.’ चौकटीत जागा होती म्हणून जमलं.

बाकी खबर: जुनी फाईल ताईंनी सांगितलं तसं पाठवलं. समन्वयकाने दीड दिवस उत्तर दिलं नाही, मग ‘ओके मॅम’ आणि नवी शब्दसूची. त्यात ‘पाणी तुटणे’ आहे! ४७ पैकी ४६ जागा झाल्या. ‘धावणे’ एकाही ठिकाणी उरलं नाही.

राहिला तो पॅनेलवरचा दिवा. ‘रन’च्या जागी ‘चालू’ लिहू? की ‘हिरवा दिवा लागला म्हणजे मोटर चालू’ असं करू?

बोअरवाला

रंग लिहू नका ताई. एका कंपनीचा चालू दिवा हिरवा असतो, दुसरीचा लाल. पॅनेलवर इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ती तशीच दाखवा आणि शेजारी ‘मोटर चालू’ लिहा. तसाही रात्री दिवा कोण बघतंय, आवाजावरनंच कळतं.