स्वस्तात मस्त भेटवस्तू: तुम्ही कुठे, काय आणि कितीला घेता?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, मग लग्नसराई, मे महिन्यातल्या मुंजी, मध्येच कुणाचं बारसं, कुणाच्या मुलीचा वाढदिवस. मध्यमवर्गीय घरात भेटवस्तूंचा खर्च वर्षभर चालूच असतो. तो बंद करावा असं मला मुळीच वाटत नाही. देणं-घेणं आहे म्हणून वर्षातून एकदा का होईना, माणसं एकमेकांच्या घरी येतात. पण दिलेली वस्तू पुढच्या घरी फिरत जाणार असेल, तर ती पन्नास रुपयांची असली तरी महागच. कपाटातले ब्लाउजपीस आठवा. कितीतरी घरं फिरून आलेले असतात ते.

म्हणून हा धागा. वस्तू, बाजार, साधारण किंमत लिहा, आणि मुख्य म्हणजे घेणाऱ्याने ती वस्तू वापरली का ते लिहा. सुरुवात मी करते.

आमच्या ठाण्याच्या इमारतीतल्या पाचजणी मिळून वाणाची खरेदी करतो. प्रत्येकीला पंचवीस-तीस नग लागतात, म्हणजे ठोक दुकानदार दारात उभं करतो. भुलेश्वरला भांड्यांच्या दुकानात स्टीलची चहाची गाळणी डझनाच्या भावाने घेतली, किरकोळीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत. दिसायला काहीच नाही, पण जुनी गाळणी प्रत्येक घरात वाकलेली असते. ती रोज वापरली जाते हे मी शेजारणींच्या ओट्यावर पाहिलं आहे. एक माहिती: चुंबक चिकटत नाही म्हणजे उत्तम स्टील, असं दुकानात ठासून सांगतात. पण २०२ प्रतीचं हलकं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही आणि ३०४ प्रतीचंही नाही. त्यामुळे प्रत विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.

पुणे, कसबा पेठ

तुळशीबागेत मंगळवार-बुधवारी सकाळी दुकानं उघडताना जावं. शनिवार-रविवारी संध्याकाळी कुणी भाव कमी करत नाही, करायला उसंतच नसते. भवानीच्या वेळी पहिलं गिऱ्हाईक परत जाऊ नये अशी दुकानदाराची इच्छा असते. मात्र भाव ठरवून मग न घेता निघून जाऊ नका. त्याचा दिवस त्या पहिल्या विक्रीवर सुरू होतो.

मुलांच्या वाढदिवसाला मी पितळेची भातुकली देते. पूर्ण संच महाग पडतो, म्हणून सुटी भांडी: एक पातेलं, झारा, परात. मुलीला देते तशी मुलालाही देते. पहिल्यांदा एका आईला आश्चर्य वाटलं, पण तिचा मुलगा आजही त्या पातेल्यात चुरमुऱ्यांचा भात शिजवतो. बॅटरीवरची गाडी महिन्याभरात मोडते, पितळ मोडत नाही, आणि मोडीला काढलं तरी वजनावर पैसे येतात.

डझनांनी लागत असेल तर तुळशीबागेत थांबूच नका, तसंच पुढे रविवार पेठेत बोहरी आळीत जा.

मुंबई, गिरगाव

मुलांच्या परतभेटींसाठी अब्दुल रहमान स्ट्रीट. क्रॉफर्ड मार्केटसमोरून आत शिरायचं. रंगपेट्या, खोडरबर, कंपासपेट्या, चमकीचे कागद, सगळं डझनात. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. जवळच मंगलदास मार्केटला कटपीस मिळतात, त्यांच्या मी स्वतः पिशव्या शिवते. मीटरभर सुती कापडात तीन-चार पिशव्या होतात. दादर मंडईत माझी पिशवी दुसऱ्याच बाईच्या हातात दिसली तेव्हा फार बरं वाटलं.

यवतमाळ जिल्हा, प्राथमिक शिक्षिका

वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटायची पद्धत आम्ही पालकसभेत बदलली. ज्याचा वाढदिवस, त्याने वर्गाच्या पेटीत एक पुस्तक द्यायचं. पहिल्या पानावर मुलाचं नाव आणि तारीख. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची मराठी पुस्तकं चॉकलेटच्या पुड्यापेक्षा कमी किमतीत येतात. चित्रं सुंदर, कागद चांगला. ज्यांना तेवढंही जड जातं त्यांनी पेन्सिली द्याव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, खडू-रंग यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, त्यामुळे जुन्या छापील किमतीचा माल घेताना दुकानदाराला आठवण करून द्या.

मोठ्यांसाठी भेट हवी असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं पाहा. जाडजूड, अभ्यासू ग्रंथ आणि किंमत इतकी कमी की दोनदा वाचाल. शासकीय ग्रंथागारात मिळतात. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांना आम्ही तेच दिले. त्यांनी समासात टिपणं काढत वाचले आणि आम्हाला आणून दाखवले.

सातारा, भेटवस्तूंचं छोटं दुकान

दुकानदाराच्या बाजूनेही कुणीतरी लिहावं म्हणून लिहितो.

माझा माल दसऱ्याच्या आधी येतो, दिवाळीपर्यंत खपतो. उरतो तो मला मार्चअखेरीच्या आत काढायचा असतो, कारण ३१ मार्चला हिशोब आणि गोदाम दोन्ही मोकळं हवं असतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत या आणि सरळ विचारा, "जुन्या मालात काय आहे?" फोटोफ्रेम, घड्याळं, कपांचे संच खरेदीभावाला देतो. दिवाळी झाल्यावर पहिल्या आठवड्यात आकाशकंदील आणि पणत्या निम्म्याने. लग्नं नसतात म्हणून आषाढात साड्यांच्या दुकानांत सूट असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण पितृपक्षात कुणी फिरकत नाही तेव्हा दुकानदाराकडे तुमच्यासाठी वेळ असतो. तेव्हा दहा वस्तू काढून निवांत दाखवतो.

भाव करायचा तर एका वस्तूवर करू नका. तीन-चार वस्तू पुढ्यात ठेवा आणि सगळ्यांचे मिळून विचारा. एका वस्तूत मला सुटण्यासारखं काही नसतं, चारांत असतं. छापील एमआरपीपेक्षा जास्त कुणी मागितले तर देऊ नका, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. एमआरपीत सगळे कर आलेले असतात, वर कर लावता येत नाही.

कोल्हापूर

वरच्या दुकानदार दादांशी सहमत, पण दुकान वेगळं आणि कारागीर वेगळा. चप्पल लाइनीत पाहुण्यांना घेऊन जातो तेव्हा माझा जीव वर-खाली होतो. आठशे सांगितले की हे चारशेपासून सुरू करतात. हाताने कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीची शिवण, खिळा नाही. त्या जोडामागे घरातल्या बायकांचंही काम असतं, वेणी त्याच घालतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या जिल्ह्यांना मिळून. पण बाजारात रेक्झिनचे जोडही त्याच नावाने टांगलेले असतात. बजेट कमी असेल तर रेक्झिनचा मोठा जोड घेण्यापेक्षा लहान मुलाचा खरा चामड्याचा जोड घ्या. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला मी तोच देतो. आया तो पाय मोठे झाल्यावरही जपून ठेवतात.

मुंबई, गिरगाव (पुन्हा मीच)

कोल्हापूरकरांचं म्हणणं पटलं, पण सगळीकडे "भाव करू नका" म्हणून चालत नाही. माझ्या नवऱ्याचा पगार ठरलेला आहे. फॅशन स्ट्रीटवर पहिला भाव भाव करण्यासाठीच सांगितलेला असतो. मी एवढंच पाळते: जिने स्वतः बनवलंय तिच्याशी घासाघीस नाही. ठोक माल आणून विकणाऱ्याशी खुशाल करावी.

सावंतवाडी

चितारआळीत या. लाकडी फळं, भाज्या, बैलगाड्या, पाट, रंगवलेले गंजिफाचे पत्ते. लाकडी केळ्याचा घड आणि आंबा टोपलीत ठेवला की पाहुणे हात लावून बघतात. पूर्ण टोपली परवडत नसेल तर चार फळं घ्यावीत. मी मुंबईच्या भावाकडे दर खेपेला दोन-दोन नेली आणि आता त्याची टोपली भरली आहे. हप्त्यांनी दिलेली भेट म्हणायची.

मुलांच्या खेळण्यांबद्दल: १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. पण रस्त्यावरची प्लॅस्टिकची खेळणी घेताना चिन्ह पाहाच, दीड-दोन वर्षांची मुलं सगळं तोंडात घालतात.

म्हापसा, गोवा

शुक्रवारच्या बाजारात माडाचा गूळ, कोकमाची सोलं, गावठी मिरच्या, मातीची भांडी. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना याहून आवडती भेट मला सापडली नाही. किनाऱ्यावरच्या दुकानांतले काजूचे चकचकीत पुडे घेऊ नका. बाजारात चाखून, वजन करून घ्या.

जळगाव, एक आजी

आमच्याकडे बारशाला चांदीची वाटी-चमचा द्यायची रीत. आता चांदीचा भाव ऐकला की छातीत धस्स होतं. मी आता लहानसा चमचा एवढंच घेते आणि बरोबर जुन्या सुती लुगड्याची गोधडी शिवून देते. दुपट्यापेक्षा मऊ असते. सुनांच्या मैत्रिणी आता मागून घेतात.

"वन ग्रॅम गोल्ड" म्हणून विकतात ते सोनं नव्हे, वर नुसता मुलामा असतो. दागिना म्हणून छान, पण आहेरात "सोनं दिलं" असं समजून देऊ नका. खऱ्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, बीआयएस केअर ॲपवर घातला की शुद्धता कळते. नातवाने शिकवलं, आता मी दुकानातच बघते.

पुणे, वसतिगृहातली विद्यार्थिनी

आमच्याकडे शंभरच्या वर बजेट नसतंच. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं, बुधवार-रविवारी जुना बाजार. मैत्रिणीला जुना पितळी कंदील घेतला, चिंच-मिठाने घासला आणि आत छोटा दिवा बसवला. तिच्या टेबलावर रोज लागतो. आणि कलमं! कढीपत्त्याचं रोप, मनीप्लँटची फांदी चहाच्या फुटक्या कपात. खर्च शून्य. येरवडा कारागृहातल्या बंद्यांनी बनवलेल्या वस्तूही एकदा पाहा. लाकडी वस्तू मजबूत असतात, किंमत वाजवी. दिवाळीत प्रदर्शन लागतं.

नाशिक

ऑनलाइन सेलबद्दल कुणीच लिहिलं नाही. मी दिवाळीआधी महिनाभर हव्या त्या वस्तूंच्या किमती वहीत लिहून ठेवते. एका संकेतस्थळावर मिक्सर सत्तर टक्के सवलतीत दाखवला होता, प्रत्यक्षात महिन्यापूर्वीच्या किमतीपेक्षा जास्त पडत होता. वही होती म्हणून कळलं.

लेस्टर, ब्रिटन

इथे हळदीकुंकू शनिवार-रविवार बघून होतं. वाण भारतातून आणायचं तर वजनाचा प्रश्न. उपाय: खणाचे बटवे. पन्नास बटवे एका चपलेच्या जोडाएवढ्या जागेत मावतात. मुलांना भेट द्यायची तर इथली चॅरिटी शॉप्स. पुस्तकं, कोडी, लाकडी रेल्वे एक-दोन पौंडात. आमच्या मंडळात सुरुवातीला वापरलेली वस्तू द्यायला लोक संकोचायचे. आता आयाच विचारतात, "कुठल्या दुकानातून घेतलंस?" नाताळनंतर २६ डिसेंबरपासून सेल लागतात, पुढच्या वर्षीचे वेष्टनाचे कागद आणि रिबिनी मी तेव्हाच घेते.

लातूर

मला मदत हवी आहे. आमच्या कार्यालयातले शिपाईकाका महिन्याअखेर निवृत्त होत आहेत. आम्ही चाळीसजण, प्रत्येकी पन्नास रुपये जमतील. शाल-श्रीफळ नको असं ते स्वतःच म्हणाले. काय घ्यावं?

सोलापूर

दोन हजारांत खरी सोलापुरी चादरींची जोडी सहज बसते, पैसे उरतील. छापील नक्षीची चादर घेऊ नका. खरी चादर जकार्ड विणीची असते, नक्षी धाग्यातच येते. उलटी करून बघा, मागेही तीच नक्षी उलट्या रंगांत दिसली पाहिजे. पहिल्या धुण्यात मीठ घालून गार पाण्यात भिजवायची. उरलेल्या पैशांत चाळीसजणांचा एकत्र फोटो काढून चौकटीत बसवा, मागे सगळ्यांच्या सह्या. काकांना गडद रंग आवडतो की फिका, तेवढं त्यांच्या घरच्यांना विचारून ठेवा. चादर मी इथून एसटी पार्सलने पाठवायची सोय बघते.