जुनी फोर बाय फोर उंच करायची, की आधी तिचं पोट नीट करायचं?

पांदणवाला, यवतमाळ जिल्हा

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. आपल्या भागात जुन्या फोर बाय फोरला (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीला) लिफ्ट करणं, म्हणजे उंच करणं, कायद्यात बसत नाही, हे एक. आणि कायदा बाजूला ठेवला तरी बहुतेक वेळा ते बिनकामाचं असतं, हे दुसरं.

सैन्याच्या लिलावातली मारुती जिप्सी असो, महिंद्राची एमएम 540 जीप असो की महिंद्राचीच 2010 नंतरची पहिली थार, गाडी दारात आली की पहिला फोन गॅरेजला जातो: "चार इंच उचलून द्या." मग जिप्सीचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) ॲक्सलच्या खालून काढून वर बसवायचे, 31 इंची टायर घालायचे, पुढे लोखंडी बंपर लावायचा. फोटो झकास येतो.

आता जुलैतली पांदण, म्हणजे शेताची वाट, डोळ्यांसमोर आणा. ट्रॅक्टरने पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये काळ्या मातीचा वरंबा. त्या वरंब्यावर आधी टेकतो तो डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे ॲक्सलवरचा गिअरचा डबा. सलग ॲक्सलच्या गाडीत पाट्यांखाली कितीही ठोकळे घाला, गोळा होता तेवढ्याच उंचीवर राहतो, कारण तो चाकांसोबत चालतो, बॉडीसोबत नाही. तो वर जातो फक्त टायर मोठा केला तर, आणि तेही वाढलेल्या व्यासाच्या निम्मा. जिप्सीचा 205/70 आर 15 टायर साधारण 668 मिलिमीटर उंच असतो. 215/75 आर 15 घातला तर 703. गोळ्याला मिळाले जेमतेम 18 मिलिमीटर. करंगळीएवढे.

त्यापेक्षा हेच पैसे खाली घाला. वीस वर्षांत बसलेले पाटे बदलून कंपनीच्या मापाचे नवे टाकले की गाडी आपोआप मूळ उंचीवर येते, आणि त्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही. बुश, शॉकअप, ब्रेक नवे करा. टायर त्याच मापाचे, पण ऑल टेरेन नक्षीचे घ्या. पुढच्या चाकांना ताकदीशी जोडणारे लॉकिंग हब गंजून बसलेले असतात, ते सोडवून घ्या. कित्येकांची फोर बाय फोर ही मुळात फोर बाय टूच असते आणि मालकाला पत्ता नसतो!

वऱ्हाडी जिप्सी, अकोट

भाऊ, गोळ्याचं गणित बरोबर हाय, पन अर्धंच सांगतलं तुमी. 31 इंची टायर म्हनजे 787 मिलिमीटर. आता काढा हिशेब. गोळा 60 मिलिमीटर वर जाते, दोन इंचाच्या वर. आन ते टायर लिफ्ट न करता जिप्सीत बसतीन का? वळन घेतलं की फेंडरले घासतीन. म्हनून लिफ्ट लागते. ते टायरसाठी असते, गोळ्यासाठी कोनी करत नाई.

दुसरं असं, का पांदन म्हनजेच सगळं ऑफरोडिंग नाई. आमच्याइकडे सातपुड्याच्या पायथ्याचे नाले पाहा. काठ उभे असतात. उतरतानी पुढचा बंपर रुतते, चढतानी मागचा रुतते, आन काठाच्या कंगोऱ्यावर गाडीचं पोट टेकते. तिथं गोळ्याचा काई संबंध नाई, तिथं ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलले ताकद वाटनारा गिअरचा डबा), सायलेन्सर आन टाकी घासते. उचललेली गाडी निघून जाते, तुमची मूळ उंचीची काठावर झुलत रायते.

आन कायद्याचं म्हनाल तं आरसी बुकात गाडीची उंची कुठं लिवली हाय ते दाखवा मले.

कोर्टकचेरी, वर्धा

आरसीत उंची नाही म्हणून मोकळे झालो, हा युक्तिवाद आमच्याकडे रोज येतो. तो टिकत नाही. का, ते सांगतो.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकाने करायचा नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात 'फेरफार' म्हणजे काय तेही दिलंय: गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम कडकपणेच वाचलं. राज्याचे नियम याला बगल देऊ शकत नाहीत, असं सांगितलं. नंतर 2019 च्या दुरुस्तीने कलम 182-अ आलं. परवानगीबाहेरच्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर फेरफारामागे' हे शब्द नीट वाचा. ॲक्सलवर घेतलेले पाटे, बाहेर आलेले टायर, लोखंडी बंपर यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येतो. बंपरच्या वरच्या गार्डवर तर डिसेंबर 2017 मध्येच केंद्राने राज्यांना कारवाई करायला लिहिलं होतं.

त्याच मापाचे नवे पाटे, नवे बुश, त्याच मापाचा दुसऱ्या नक्षीचा टायर यांनी मूळ वैशिष्ट्य बदलत नाही. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेलं टायरचं माप असेल तर तेही सांभाळता येतं, पुस्तिका सोबत ठेवा. पाटे ॲक्सलच्या वर नेणं मात्र रचनेतच हात घालणं आहे.

वऱ्हाडी जिप्सी, अकोट

तुमी कलम सांगतलं, मी अक्कल सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात स्प्रिंगनं 50 मिलिमीटर आन टायरनं 25, असं 75 मिलिमीटरपर्यंत प्रमानपत्र न घेता चालते. त्याच्यावर गेलं की मान्यता असलेल्या मानसाकून तपासून घ्या लागते. म्हनजे त्यायनं मानलं न, का मानूस गाडी उचलनारच, तं मग नीट उचलू द्या! आपल्याइकडे रस्ताच नाई. ज्याले कायद्यानं करा वाटते त्यानं कोनत्या खिडकीवर जावं? खिडकीच नसन तं मानूस लेथवाल्याकडे जाते, आन तो जे वेल्डिंग मारते ते कोनी पाहत नाई. धोका त्याच्यात जास्त हाय.

पांदणवाला, यवतमाळ जिल्हा

खिडकी हवी, यावर आपलं भांडण नाही. माझा आक्षेप, खिडकी उघडेपर्यंत जे करायचं त्यावर आहे.

गॅरेजच्या खड्ड्यातून, अमरावती

दोघांच्याही गाड्या माझ्यासारख्याच्या खड्ड्यावर येतात म्हणून लिहितो.

चार इंच उचललेली गाडी सहा महिन्यांनी परत येते ती क्रॉस वाजतात म्हणून. ॲक्सलला ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस त्या कोनात फिरायला बनलेले नसतात. दुसरं, पुढच्या चाकाचा कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या धुरीचा कल, बिघडतो. स्टिअरिंग सरळ परत येत नाही, आणि वेगात खड्डा लागला की पुढचं सगळं थरथरायला लागतं. तिसरं आणि सगळ्यात वाईट, ब्रेकची रबरी नळी. ॲक्सल खाली लटकला की ती ताणली जाते. बऱ्याच 'किट'मध्ये लांब नळी दिलेलीच नसते.

31 इंची टायरचं अजून एक. काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 70 ला असते. इंजिन तेच, 1.3 लिटरचं. गिअरिंग उंच झालं, तेव्हा चढावर हवाच निघून जाते, आणि ब्रेकला तेच ड्रम-डिस्क जास्त जड चाक थांबवायला लागतात.

अकोटचे भाऊ म्हणतात ते नाल्याच्या काठाचं खरं आहे, मी नाकारत नाही. पण त्यासाठी पोटाखाली पत्रा मारा. पाच मिलिमीटरची स्किड प्लेट ट्रान्स्फर केसखाली असली की गाडी टेकते आणि घसरत पुढे जाते. आणि एक फार स्वस्त काम, जे कोणीच करून घेत नाही: डिफरन्शियलच्या ब्रीदरला (हवेच्या भोकाला) लांब नळी जोडून ती बोनेटखाली वर नेऊन बांधायची. गोळा तापलेला असतो, नाल्याच्या पाण्यात उतरला की एकदम थंड होतो, आत हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. पावसाळ्यानंतर तेल काढलं की दुधासारखं पांढरं निघतं ते याच्यामुळे. शंभर-दोनशे रुपयांची नळी.

धानपट्टा, गोंदिया जिल्हा

टायरवरून भांडताय पण रुंदीचं कोणी बोललंच नाही. 31 इंची टायर साडेदहा इंच रुंद येतो. आमच्या धानाच्या बांधीत रुंद टायर वर तरंगतो आणि फिरत बसतो. बारीक टायर चिखल कापून खाली कडक थराला लागतो. ट्रॅक्टरला आम्ही लोखंडी केज व्हील लावतो तेही पकडीसाठीच.

पांदणवाला, यवतमाळ जिल्हा

तुमच्या बांधीत खाली कडक थर असतो, कारण चिखलणी करून करून तो तयार झालेला असतो. आमच्या कापसाच्या काळ्या जमिनीत कित्येक ठिकाणी माणूसभर खाली तीच माती. बारीक टायर कापत कापत गोळ्यापर्यंत जातो. आमच्याकडे खरी अडचण माती टायरच्या खाचांत भरून टायर गुळगुळीत होण्याची आहे. मोठ्या फटींची नक्षी आणि थोडी कमी हवा, 18 ते 20 पीएसआय, एवढ्याने मोठाच फरक पडतो. डांबरी लागायच्या आधी बॅटरीवरच्या पंपाने हवा परत भरायची, नाहीतर टायर रिमवरून उतरेल.

शेतकरीण, घाटंजी

भाऊ लोकं, माझ्या वावरातून एक प्रश्न. हे सगळं करून तुम्ही जाता कुठे?

पांदण ही आमच्या बैलबंडीची वाट आहे. रविवारी दहा गाड्या 31 इंची टायर घेऊन आल्या की चाकोरी गुडघाभर होते. सोमवारी खताची पोती डोक्यावर न्यावी लागतात, आम्हाला. धुरा (बांध) फोडून पऱ्हाटीतून वळण घेणारेही पाहिलेत. सरकारी पाणंद योजनेत रस्ता व्हावा म्हणून शेजाऱ्यांच्या सह्या गोळा करता करता नाकी नऊ येतात, आणि तुम्ही खराब रस्ता शोधत फिरता.

आमच्याकडेही जुनी एमएम 540 आहे. उंची कंपनीची, टायर कंपनीच्या मापाचे. तुरीची पोती आणते. अडकली की बैल लावतो.

वऱ्हाडी जिप्सी, अकोट

ताई, तुमचं बरोबर हाय. पेरनी झाल्यावर कोनाच्या वावरात, पांदनीत जाऊच नये. आमी उन्हाळ्यात नदीच्या पात्रात नाईतं पडीक बरडावर जातो, मालकाले इचारून. पन याच्यात लिफ्टचा काय दोष? धुरा फोडनारा मूळ उंचीच्या गाडीनंबी फोडते.

मेळघाटच्या वाटेवर, परतवाडा

'पडीक' शब्दावर थांबा जरा. परतवाड्याहून वर आलेले लोक ज्याला पडीक म्हणतात ते बऱ्याचदा वनखात्याचं असतं. राखीव जंगलात परवानगीविना शिरणं भारतीय वन कायदा 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे, आणि अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 27 प्रमाणे परवाना लागतो. तिथे तुमची लिफ्ट कायदेशीर की बेकायदा हे कोणी विचारणार नाही, गाडीच जमा होईल. सातबारा पाहून, मालकाची परवानगी लेखी घेऊन जा.

आणि रपट्यांचं, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलांचं. उंच गाडीने माणसाला खोटी हिंमत येते. वाहतं पाणी बॉडीला लागलं की गाडी हलकी होते, मग फोर बाय फोर असो की आणखी काही. पावसाळ्यात रपट्यावरून गाडी वाहून गेल्याची बातमी आपल्याकडे दरवर्षी वाचतोच.

पासिंग झालं, बुलढाणा

सगळे तत्त्वाचं बोलताय, मी व्यवहाराचं बोलतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं. 1 एप्रिल 2022 ला खासगी कारची त्याची फी 600 वरून 5,000 झाली होती, वर पर्यावरण कर वेगळा. गाडी तपासणीला उभी करावीच लागते. उचललेली गाडी असेल तर पासिंगच्या आधी जुने पाटे, जुने टायर बसवा, नंतर परत काढा. मित्रमंडळी हेच करतात. दोन्ही वेळची मजुरी धरली तर पांदणवाल्यांच्या यादीतली निम्मी कामं होतील.

गॅरेजच्या खड्ड्यातून, अमरावती

आणि प्रत्येक वेळी पाटे ॲक्सलला आवळणारे जुनेच यू बोल्ट परत कसतात. ते एकदा ताणले की बदलायचे असतात.

ओढायचा विषय निघाला नाही म्हणून घालतो: अडकलेली गाडी ट्रेलर ओढायच्या गोल बॉलला दोर बांधून कधीही खेचू नका. बॉल तुटला की गोळीसारखा मागच्या काचेतून आत येतो. चेसिसला बोल्टने बसवलेला हूक हवा. हे बेकायदा नाही, आणि लिफ्टच्या आधी हे करा.

वऱ्हाडी जिप्सी, अकोट

हूक लावला हाय, नळीबी लावतो. लांब ब्रेक नळी आधीच टाकली. पन लिफ्ट मी काढत नाई. चार इंचाची दोन इंचावर आनतो, 31 चे काढून 215/75 घालतो. नाल्याच्या काठाले तेवढं पुरते.

पांदणवाला, यवतमाळ जिल्हा

दोन इंच तरी कशाला? 215/75 बहुतेक लिफ्टशिवाय बसतो.

वऱ्हाडी जिप्सी, अकोट

बसते, पन मांगच्या सीटवर चार जन घेऊन नाल्यात उतरा, मग सांगा मले.

कोर्टकचेरी, वर्धा

चार जण मागे घेणार असाल तर एवढंच सांगा, विमा कंपनीला लिफ्टचं लेखी कळवलंय का? स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा सर्व्हेअर पहिल्यांदा तिथेच अडवतो.

वऱ्हाडी जिप्सी, अकोट

कळवलं तं ते हो म्हनतीन का?

कोर्टकचेरी, वर्धा

बहुधा नाही म्हणतील. पत्र पाठवा तरी, पोच घ्या, आणि काय उत्तर येतं ते इथे टाका.