बोअर, साइज, रॉडकिट : येझदीच्या चिठ्ठीतले शब्द

येझदीवाला : वडिलांच्या १९८४ च्या येझदी मोटारसायकलचं इंजिन खाली उतरवलंय. मिस्त्रींनी दिलेली चिठ्ठी जशीच्या तशी : 'ब्लॉक बोअर, पिस्टन ५० साइज, रॉडकिट, क्रँक प्रेस, सील, प्लगचे आटे.' सील तेवढं कळलं. पण ५० म्हणजे ५० काय? आणि ब्लॉक 'झिजलाय', पिस्टन 'चिकटलेला' असंही म्हणाले. दोन्ही एकच ना?

कातारी : एकच कसं असेल? झिजणं वर्षानुवर्षं चालतं. ब्लॉक म्हणजे ज्याच्या गोल भोकात पिस्टन वर-खाली होतो तो भाग. पिस्टनवरची पहिली रिंग, म्हणजे कडं, वर जाऊन जिथून माघारी फिरते तिथे ब्लॉक सर्वांत जास्त झिजतो, म्हणून भोक वर रुंद आणि खाली अरुंद होतं. त्याला टेपर म्हणतात. पिस्टन दोन बाजूंना रेटला जातो त्यामुळे गोलाईही जाते, ते ओव्हल. हे डोळ्यांना दिसत नाही, भोक मोजायचा बोअर गेज लावावा लागतो. चिकटणं मात्र क्षणाचं काम. पिस्टन तापून फुगतो, तेलाचा थर तुटतो, पिस्टनचं अॅल्युमिनियम ब्लॉकच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भिंतीला धरतं आणि उभ्या रेघा पडतात. त्या नखालाही लागतात.

दोन्हींवर इलाज बोअरच, म्हणजे भोक कापून थोडं मोठं आणि पुन्हा गोल करणं. पण चिकटला असेल तर का चिकटला ते आधी शोधा. तुम्ही 'सील तेवढं कळलं' म्हणालात, पण माझ्या मते चिठ्ठीतला सगळ्यात मोलाचा शब्द तोच. तुमच्यासारख्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकचं, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, सील गेलं की बाहेरची हवा आत खेचली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त तापतं. सील न बदलता नवा पिस्टन टाकला तर तोही चिकटेल.

५० म्हणजे ०.५० मिलिमीटर. तुमच्या गाडीचा मूळ बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, ६५, म्हणजे आता ६५.५०. दुकानात २५, ५०, ७५, १०० असेच आकडे बोलतात. मोठ्या साइजचा पिस्टन मिळेनासा झाला की स्लीव्ह, म्हणजे ब्लॉकमध्ये नवी नळी बसवून परत स्टँडर्डवर यायचं. आणि पिस्टन आधी आणा, बोअर नंतर. ब्लॉक त्या पिस्टनच्या मापाने कापतात.

शब्दवेडा : पिस्टनला दट्ट्या आणि बेअरिंगला धारवा हे शब्द आहेत की. चिठ्ठीत का नसावेत?

कातारी : पुस्तकात छान आहेत. काउंटरवर दट्ट्या मागून बघा, पोरगं आतून मालकाला बोलावेल. पण 'आटे' (स्क्रूच्या चकल्या) आणि 'बीड' कुणी न सांगता टिकलेत. प्लगचे आटे गेले म्हटलं की हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणात, नव्या आट्यांचा बुश टाकायचा, हे कुठल्याही लेथवाल्याला समजतं.

येझदीवाला : आणि रॉडकिट? काकांच्या बुलेटच्या चिठ्ठीत व्हॉल्व्ह, टॅपेट होतं, माझ्यात नाही.

कातारी : तुमच्या इंजिनात व्हॉल्व्हच नाहीत, ब्लॉकमधल्या खिडक्या, म्हणजे पोर्ट, पिस्टनच उघडतो-झाकतो. रॉडकिटमध्ये पिस्टन क्रँकला जोडणारा कनेक्टिंग रॉड, क्रँकपिन आणि रॉडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग येतं. क्रँक पिनवर दाबून जोडलेला असतो. तो प्रेसवर सुटा करून किट बसवतात, मग डायल गेज लावून क्रँक सरळ करतात. ते सरळ करणं कुणाकडे करताय हे जरूर विचारा, घाईत उरकलं तर गाडी थरथरते. रॉड वर-खाली हलला तर गेला समजा. बाजूला थोडा हलतोच, त्याला घाबरू नका.

जुनाट : चिठ्ठीत एक राहिलंय, दादा. बोअरनंतर पोर्टच्या कडा धारदार होतात, रिंग त्यात अडकून तुटते. कडा मारून घ्यायला सांगा. त्याला चँफर म्हणतात.

येझदीवाला : सांगतो. मिस्त्री म्हणतात, ते बोअरमध्येच धरलंय, वेगळे पैसे नाहीत.